दहावीच्या पहिल्या धड्याआधी दोन तास खेळू द्या : गणिताचं पुस्तक करणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
दहावीचं गणिताचं पुस्तक, तासिकांचं वाटप आणि पेपरचा आराखडा ठरवणारी सगळी मंडळी,

सप्रेम नमस्कार.

मी नववी-दहावीला गणित शिकवतो. मराठी माध्यम, तालुक्याचं गाव, बाकं एकमेकांना चिकटलेली, तास ३५ मिनिटांचा. शिक्षकाचं खुलं पत्र म्हटलं की तुम्हाला वाटणार, आलं आता अशैक्षणिक कामांचं रडगाणं, पोर्टलवर भरायची माहिती, रिक्त जागा वगैरे. ते सगळं आहेच आणि त्यावर लिहिणारे बरेच आहेत, मला आज एकाच धड्याबद्दल बोलायचंय. दोन चलांतील रेषीय समीकरणे, म्हणजे एक्स आणि वाय या दोन अज्ञात संख्या दोन समीकरणांवरून शोधायच्या. नववीच्या भाग १ मधे ५वं प्रकरण आणि दहावीच्या भाग १ मधे पहिलंच.

सध्याचं दहावीचं पुस्तक २०१८ चं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर आता पहिलीपासून नवी पुस्तकं यायला लागलीत, म्हणजे आज ना उद्या दहावीची पाळी येणारच, म्हणून आत्ताच लिहून ठेवतोय, एकदा पुस्तक छापून झालं की मग कोण ऐकतंय.

आधी एक सांगतो, धडा वाईट नाहीये. चलाचा लोप करून सोडवणं, एका चलाची किंमत दुसऱ्याच्या रूपात ठेवणं, आलेख, क्रेमरची पद्धत, सगळं आहे, क्रम ठीक आहे, सरावसंच बरे आहेत. आणि पोरं हा धडा सोडवतातही, अगदी हुशार नसलेली पोरंसुद्धा. "समीकरण १ ला ३ ने गुणून", "समीकरण २ मधून समीकरण ३ वजा करून", चिन्हं बदलली, खाली रेघ, वाय बरोबर २, ठेवली किंमत, एक्स आला, चौकट मारली. पेपरात मार्क देणारा धडा म्हणूनच तो ओळखला जातो. गंमत पुढे आहे. मी दर वर्षी दहावीच्या नव्या वर्गाला विचारतो, नववीत हे करून आलाय ना, मग सांगा बघू समीकरणं दोन का लागतात? एक का पुरत नाही? उत्तर ठरलेलं असतं, "सर, दोन दिलेली असतात म्हणून."

हसू नका, पोराचं काय चुकलं? त्याला कुणी कधी एकाच समीकरणावर अडकवून ठेवलेलंच नाही. पुस्तक उघडलं की जोडी तयार, वरती १, खालती २, शेजारी कंस. दुसऱ्या समीकरणाची गरज वाटायच्या आधीच ते हातात येतं. आणि ज्याला दुसऱ्याची गरज कळली नाही त्याला पहिल्यातून दुसरं वजा का करायचं ते कळणार नाही, दोन रेषा समांतर निघाल्या तर काय बिघडलं ते कळणार नाही, क्रेमरच्या सूत्रात छेदात बसलेला तो डी, म्हणजे एक्स-वायच्या चार सहगुणकांच्या तिरक्या गुणाकारांचा फरक, शून्य झाला तर आपण थांबायचं का ते तर अजिबातच नाही.

तर माझं म्हणणं एवढंच की या धड्याच्या आधी पुस्तकात दोन खेळ छापा आणि त्यांना दोन तास अधिकृतपणे द्या. धड्याच्या शेवटी रंगीत चौकटीत नकोत, "वेळ मिळाल्यास करा" तर नकोच नको, वेळ कधी मिळत नसतो हे तुम्हालाही माहीत आहे. पहिल्या पानावर, व्याख्येच्या आधी.

आता खेळ म्हटलं की काय होतं ते मी प्रशिक्षणांमधून बघितलंय. वर्गाचे दोन गट करा, टीव्हीवरच्या क्विझसारखे प्रश्न विचारा, बरोबर उत्तराला १० गुण, टाळ्या. किंवा बिंगो. किंवा फळ्याकडे पळत जाऊन एकेक पायरी लिहायची रिले. वाईट नाही त्यात काही, रिले तर सरावाला मीही घेतो, पहिल्याने गुणायचं, दुसऱ्याने वजा करायचं, तिसऱ्याने वाय काढायचा, चौथ्याने एक्स, आणि पहिल्याने चिन्ह चुकवलं की चौघं बोंबलतात ते बघायला मजा येते. पण यात गणित तेच आहे जे सरावसंचात आहे, फक्त त्याला शिट्टी लावलीय. समीकरणाच्या जागी इतिहासाच्या सनावळ्या टाकल्या तरी खेळ तसाच चालेल. आणि पटापट उत्तर देणारी जी चार पोरं आधीपासूनच पुढे असतात तीच खेळतात, बाकीचा वर्ग टाळ्या वाजवायला.

मला हवाय तो खेळ वेगळा, ज्यात जिंकायची युक्ती शोधायला गेलं की ती युक्ती म्हणजेच गणित निघावं. एक नमुना सविस्तर सांगतो.

एक पोरगा मनात दोन पूर्ण संख्या धरतो, चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे देतो. वर्गाने त्या ओळखायच्या. प्रश्न विचारायचे, पण "पहिली किती" असा सरळ प्रश्न चालणार नाही, दोन्ही संख्या प्रश्नात आल्याच पाहिजेत. दोघींची बेरीज किती, पहिलीची दुप्पट अधिक दुसरी किती, असं. कमीत कमी प्रश्नांत ओळखणारा जिंकला. बास, एवढाच नियम, एक्स-वायचं नावही काढायचं नाही.

पहिल्या काही डावांत नुसता गोंधळ असतो. बेरीज १२ कळली की कुणीतरी लगेच ओरडतं, "सात आणि पाच!" दुसरं म्हणतं आठ आणि चार. मग दोघांचं भांडण, आणि त्या भांडणात वर्गाला आपोआप कळतं की एका उत्तरावरून जोड्या ढीगभर निघतात. मग कुणीतरी विचारतं, "दोघींच्या बेरजेची दुप्पट किती?" उत्तर येतं २४. वर्ग दोन क्षण वहीत डोकं घालतो आणि मग मागच्या बाकावरून आवाज, "अरे येड्या, हे तर माहीतच होतं की!" मला सांगा, आपण पुस्तकात "या समीकरणांना अनंत उकली आहेत" असं लिहितो त्यापेक्षा हे "माहीतच होतं की" किती चांगलं आहे? आणि एखाद्या डावात चिठ्ठीवाल्याचा हिशोब चुकतो, बेरीज १२ सांगतो आणि दुप्पट २५, तेव्हा अख्खा वर्ग "खोटं बोलतोय" म्हणून उठतो. ती झाली उकल नसलेली जोडी, व्याख्या नंतर निवांत सांगता येते.

एकदा एका मुलीने हा खेळच मोडला, ते सांगायलाच हवं. संख्या १०० च्या आतल्या घ्यायच्या असं ठरलं होतं. तिचा नंबर आला, तिने एकच प्रश्न विचारला, "पहिली अधिक दुसरीची शंभरपट किती?" चिठ्ठीवाल्याने कागदावर गुणाकार करून सांगितलं, १७३४. ती म्हणाली, पहिली ३४, दुसरी १७. वर्ग गप्प. एका प्रश्नात! मला वाटलं आता झालं, दोन समीकरणं का लागतात याचं सगळं नाटकच कोसळलं. पण वर्गातच एकजण म्हणाला की पहिली १३४ आणि दुसरी १६ असती तरी १७३४ च आलं असतं. बरोबर आहे, १३४ अधिक १६००. मग सगळ्यांच्या लक्षात आलं की ती जिंकली ती "१०० च्या आतल्या पूर्ण संख्या" या अटीच्या जोरावर, अट काढली की एकाच समीकरणाला पुन्हा ढीगभर जोड्या. हे जे त्या दहा मिनिटांत झालं ते मी फळ्यावर शिकवायचं म्हटलं असतं तर मला जमलं नसतं, आणि खरं तर शिकवायचं सुचलंही नसतं.

त्यानंतर फासे आले, कारण प्रश्न कुणी ठरवायचा यावर भांडणं व्हायला लागली. सापशिडीचे दोन फासे. पहिल्या फाशावर पडेल तेवढी पट पहिल्या संख्येची, दुसऱ्यावर पडेल तेवढी दुसरीची. समजा ४ आणि १ पडले, तर पहिलीची चारपट अधिक दुसरी, उत्तर आलं ३३. पुन्हा टाकले, २ आणि ३ पडले, उत्तर २९. आता पोरं काय करतात बघा. दुसऱ्याची दुप्पट केली, चारपट आणि सहापट मिळून ५८. त्यातून ३३ गेले, उरले २५, ते दुसरीच्या पाचपट. दुसरी ५, पहिली ७. "चलाचा लोप" हे शब्द अजून कुणी ऐकलेले नाहीत पण लोप होऊन गेलेला आहे, आणि गुणायचं का, तर चारपटीला चारपट भिडवायची होती म्हणून, कुणी सांगितलं म्हणून नव्हे.

आणि एक बारकी अट घातली की हा खेळ एकदम वर चढतो. दुसऱ्यांदा फासे पडले की उत्तर ऐकायच्या आधीच गटाने सांगायचं, "घेतो" किंवा "सोडतो". सोडलं तर एक गुण जातो पण फासे पुन्हा टाकायला मिळतात. फुकटचा, म्हणजे नवीन काहीच न सांगणारा, प्रश्न घेतला तर डावच गेला. आधी १ आणि २ पडले होते आणि आता ३ आणि ६ पडले, तर घ्यायचं का? घ्यायचं नाही, हे तर पहिल्याचीच तिप्पट. २ आणि ३, मग ४ आणि ६? सोडा. ३ आणि ४, मग ४ आणि ५? इथे पोरं अडखळतात, जवळजवळ सारखं दिसतंय पण आहे का सारखं? मग कुणीतरी तिरका गुणाकार करतं, ३ पंचे १५, ४ चोक १६, सारखं नाही, घ्या! अहो हाच तुमचा निश्चयक, म्हणजे तो डी, १५ वजा १६, शून्य नाही म्हणजे उकल आहे आणि एकच आहे. गॅब्रिएल क्रेमरने १७५० साली आपला नियम छापला तो आपण पोरांना उभ्या दांड्यांमधे चार आकडे लिहून पाठ करायला लावतो, आणि डी शून्य असेल तर काय, हा प्रश्न शेवटी कुठेतरी येतो. खेळात तो सगळ्यात आधी येतो, कारण त्यावर गुण जातो.

किती वेळा असा फुकट प्रश्न पडेल याचाही हिशोब निघतो. दोन फाशांच्या ३६ शक्यता, दोनदा टाकले की १२९६, त्यातल्या ८६ मधे दुसरी जोडी पहिलीच्याच प्रमाणात येते, म्हणजे साधारण १५ डावांत एकदा. हे मोजणं संभाव्यतेच्या धड्याला घेता येतं, तो त्याच पुस्तकात ५वा आहे. दोन धडे एकमेकांशी बोलतायत असं आपल्या पुस्तकात कितीदा होतं?

दुसरा खेळ आलेखाचा, त्याला ग्राउंडही लागत नाही. बाकंच पुरतात. दाराकडून मोजत बसण्याच्या रांगा १ ते ६ हा एक्स, फळ्याकडून मोजत बाकं १ ते ८ हा वाय, झालं, प्रत्येक पोराला आपला पत्ता मिळाला. बेरीज ६ येणाऱ्यांनी उभं राहा म्हटलं की पाच पोरं तिरप्या ओळीत उभी राहतात, आणि ओळ सरळ आहे हे बघून दर वर्षी वर्गातून "आयला" येतं, आलेखवहीवर तेच बघून कधी येत नाही. मग एक्स वजा वाय २ असणाऱ्यांनी हात वर करा. उभाही आणि हातही वर असा एकच, चौथ्या रांगेतला दुसऱ्या बाकावरचा. मग बेरीज ६ वाले उभे, बेरीज ८ वाले हात वर, आणि दोन्हीत कुणीच नाही, दोन तिरप्या ओळी शेजारून निघून गेल्या.

खरी मजा पुढच्या जोडीत. बेरीज ५ वाले उभे राहा, वजाबाकी २ वाले हात वर करा. पुन्हा दोन्हीत कुणीच नाही. वर्ग म्हणतो उकल नाही. मी गप्प बसतो, इथे शिक्षकाने गप्प बसणं फार महत्त्वाचं आहे. तिसऱ्या-चौथ्या रांगेत पहिल्या दोन बाकांवर चार पोरं असतात, पुढच्या बाकावर एकाचा हात वर आणि त्याच्या शेजारचा उभा, मागच्या बाकावर एक उभा आणि शेजारच्याचा हात वर, म्हणजे बरोब्बर फुली पडलेली असते. ती चौघं एकमेकांकडे बघतात. मग त्यातलाच एखादा मधल्या जागेत ठेवलेल्या दप्तराकडे बोट दाखवतो, "सर, उत्तर हितं हाय." साडेतीन, दीड. उकल आहे, फक्त तिथे कुणी बसलेलं नाही! मागच्या जोडीत रेषा भेटतच नव्हत्या आणि या जोडीत भेटतायत पण दोन बाकांच्या मधे, हा फरक ज्याला एकदा दिसला तो आलेखात अपूर्णांक आला की घाबरून खोडरबर घेत नाही.

आता कुणी म्हणेल हे खेळबिळ बाहेरचं फॅड आहे, आपल्याकडे गणित म्हणजे पाठांतर आणि शिस्त. असं म्हणणाऱ्यांना जुनी पुस्तकं एकदा दाखवा. नवव्या शतकात राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात महावीराचार्य होऊन गेले, त्यांच्या गणितसारसंग्रहात एक उदाहरण आहे : ९ म्हाळुंगं (लिंबाच्या जातीचं मोठं फळ) आणि ७ कवठं यांची किंमत १०७, ७ म्हाळुंगं आणि ९ कवठं यांची १०१, तर एकेकाची किंमत सांगा. दहावीच्या पुस्तकात ९९ एक्स अधिक १०१ वाय बरोबर ४९९ आणि १०१ एक्स अधिक ९९ वाय बरोबर ५०१ आहे ना, त्याचाच हा पणजोबा. बेरीज केली की १६ म्हाळुंगं आणि १६ कवठं २०८ ची, म्हणजे एकेक मिळून १३. वजाबाकी केली की दोनांचा फरक ६, एकाचा ३. म्हाळुंग ८, कवठ ५. मी हेच वर्गात वडापाव आणि चहावर खेळायला देतो, प्रत्येक गट म्हणजे एक टपरी, भाव गुपित, गिऱ्हाइकाने काहीही ऑर्डर करावी, टपरीवाला फक्त एकूण बिल सांगणार. ३ वडापाव २ चहा ६९, २ वडापाव ३ चहा ६६. बाजारच्या दिवशी बापाच्या भाजीच्या गाड्यावर उभी राहणारी पोरं इथे सगळ्यात पुढे असतात, बिलातून बिल वजा करायला त्यांना कुणी शिकवावं लागत नाही, आणि हीच पोरं चाचणीत १२ मार्क पाडत असतात.

आणि भास्कराचार्य तर आपलेच, जन्म १११४ चा. चाळीसगावजवळ पाटणला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला होता, त्याचा शिलालेख आहे. त्यांच्या बीजगणितात अज्ञात संख्यांना रंगांची नावं आहेत, कालक, नीलक, पीतक. तिथे दोन मित्रांचं उदाहरण आहे. एक म्हणतो, मला तुझ्यातले १०० दे म्हणजे मी तुझ्या दुप्पट श्रीमंत होईन. दुसरा म्हणतो, तूच मला १० दे, मी तुझ्या सहापट होईन. उत्तर ४० आणि १७०. हे उदाहरण कमी आणि दोन पोरांची बढाई जास्त आहे, वाचतानाच ऐकू येते! चिंचोके घेऊन हेच खेळायचं, दोघांनी मुठीत लपवायचे आणि प्रत्येकाने एकेक बढाई मारायची. "तू मला एक दे, आपण सारखे." "तूच मला एक दे, मी तुझ्या दुप्पट." बाकीच्यांनी ओळखायचं, ५ आणि ७. ओळखणं सोपं आहे, बढाई तयार करणं अवघड, कारण ती खरी पण असायला हवी आणि दुसऱ्याच्या बढाईशी जुळायलाही हवी. शाब्दिक उदाहरणांना घाबरणारी पोरं इथे स्वतः शाब्दिक उदाहरणं काढत बसलेली मी बघतो.

मग अडचण काय आहे? तुम्हाला माहीतच आहे. पोर्शन. दिवाळीपर्यंत किती धडे झाले हे विचारलं जातं, पोरांना काय कळलं हे विचारलं जात नाही. वर्गात आवाज झाला की शेजारच्या वर्गातून निरोप येतो, पालक विचारतात, "सर, खेळ किती मार्काला?" शिक्षक घाबरतो आणि फळ्याकडे वळतो, त्यात त्याचा दोष मी फारसा मानत नाही. म्हणूनच हे पत्र शिक्षकांना न लिहिता तुम्हाला लिहितोय. पुस्तकाच्या पहिल्या पानावर खेळ छापलेला असेल आणि तासिकांच्या तक्त्यात त्याला दोन तास लिहिलेले असतील तर तोच शिक्षक छातीठोकपणे सांगू शकतो की मी पोर्शनच करतोय. आणि हिशोब कराल तर हे दोन तास वायाही जात नाहीत. लोपाची पद्धत समजावायला नंतर अर्धाच वेळ लागतो, क्रेमरला त्याहून कमी. सरावसंचांना वेळ तेवढाच लागतो, त्यात खेळाने काही वाचत नाही, ते मी कबूल करतो. होडी आणि प्रवाहाचा वेग, वय, दोन अंकी संख्येचे अंक उलटे लिहिणं, ही उदाहरणं खेळानंतरही कष्टानेच येतात. पायऱ्या नीट लिहायची सवयही खेळातून येत नाही, ती वहीतच लागते. खेळ धड्याच्या जागी घ्या असं मी कुठेही म्हणत नाहीये, आधी घ्या म्हणतोय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि इथे तुमच्यातले बरेच जण माझ्यावर नाराज होतील. या खेळांना मार्क देऊ नका. कृपा करून. मला माहीत आहे पहिला विचार तोच येणार, लेखी ८० आणि अंतर्गत २० आहेतच, गृहपाठ आणि बहुपर्यायी चाचणीच्या शेजारी "गणिती खेळ, ५ गुण" बसवून टाकू. बसवलंत की काय होईल ते मी आत्ताच सांगतो. पहिल्या वर्षी शाळा खेळतील. दुसऱ्या वर्षी खेळाची वही येईल, तिला खाकी कव्हर, अनुक्रमणिका, उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. तिसऱ्या वर्षी ती वही बाजारात तयार लिहिलेली मिळायला लागेल आणि फासे कुणी हातात घेणार नाही. मार्क आले की चुकायची सोय गेली, आणि ज्या खेळात "सात आणि पाच!" असं बिनधास्त चुकता येत नाही तो खेळ कशाला खेळायचा.

द्यायचंच असेल तर पेपरात एखादा प्रश्न बदला. सध्या "कृती पूर्ण करा" म्हणून जो प्रश्न येतो त्यात कृती काही नसते, रिकाम्या चौकटी असतात आणि चौकटीच्या अलीकडे-पलीकडे पुस्तकातलीच पायरी. त्याऐवजी विचारा : एकाने मनात दोन संख्या धरल्या आहेत, पहिलीची दुप्पट अधिक दुसरीची तिप्पट ३१ आहे. असा दुसरा प्रश्न लिहा की जो विचारून काहीच नवीन कळणार नाही, आणि असा एक लिहा की ज्याने दोन्ही संख्या कळतील. दोन मार्क. उत्तरं हजार प्रकारची येतील, तपासणाऱ्याला प्रत्येक पेपर वाचावा लागेल, नमुना उत्तरपत्रिकेत टिक मारून चालणार नाही, म्हणून हा प्रश्न येणं कठीण आहे याची मला कल्पना आहे. तरी एकदा सराव प्रश्नपत्रिकेत तरी टाकून बघा. क्लासवाल्यांना त्याचं गाइड काढता येत नाही, हे मला वाटतं त्याचं सगळ्यात मोठं क्वालिफिकेशन आहे.

ॲप नको, टॅब नको, स्मार्ट बोर्डही नको, जिथे आहे तिथे जिओजेब्रा या आलेख काढणाऱ्या सॉफ्टवेअरवर रेषा जरूर दाखवा पण बाकांचा आलेख झाल्यावर. मागणी फार लहान आहे : पुस्तकात दोन पानं, तक्त्यात दोन तास. प्रशिक्षण ठेवलंत तर त्यात पीपीटी दाखवू नका, आलेल्या शिक्षकांनाच दोन-दोनच्या जोडीने खेळायला बसवा, आणि "घेतो की सोडतो" वर भांडू द्या. भांडतात, मी बघितलंय, जेवायची सुट्टी झाली तरी उठत नाहीत.

आपला,
दहावीचा एक गणित शिक्षक

ता.क. : फासे नसतील तर १ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या दोन डब्यांत टाकून चालतं, प्रत्येक वेळी काढलेली चिठ्ठी परत टाकायची. वजा चिन्ह आणायचं असेल तर जोडीला एक नाणं उडवा, छापा आला तर अधिक, काटा आला तर वजा. हे पहिल्या दिवशी करू नका, पहिल्या दिवशी फक्त अधिक. आणि नाणं आणलंत की "घेतो की सोडतो" चा तिरका गुणाकार चिन्हासकट करावा लागतो, १ आणि २ नंतर ३ आणि वजा ६ पडले तर घ्यायचे, ते फुकट नाहीत. निम्मा वर्ग इथे हमखास सोडतो.